उधळ्या कोणाला म्हणायचं?



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवायचे आणि निवृत्त होईपर्यंत एकाच सायकलवर फिरले, असं निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींनी मला सांगितलं. अशा माणसाच्या नावानं उधळपट्टीवर बोलायचं म्हणजे अवघडच काम. पण आजचा विषय उधळपट्टीच्या शब्दांचा आहे, आणि शब्दांच्या बाबतीत व्याकरणाचा मास्तर कधी हात आखडता घेत नाही, या भरवशावर सुरुवात करते.

या विषयातला एक इंग्रजी शब्द आपल्याकडे एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला येतो. 'लक्झरी'. 'लक्झरीनं आलो' म्हणजे खासगी बसनं आलो. खिडकीची काच सरकत नसेल, पुढच्यानं आसन मागे टाकलं की आपले गुडघे छातीशी येत असतील, तरी ती लक्झरीच. चौदाव्या शतकातल्या एखाद्या इंग्रज धर्मगुरूला आपण हे वाक्य ऐकवलं असतं, तर त्यानं कानांवर हात ठेवले असते. कारण त्या काळी इंग्लंडात लक्झरी म्हणजे कामवासना. ख्रिस्ती धर्मानं जी सात महापापं सांगितली त्यातलं हे एक, लॅटिनमधलं 'लुक्सुरिया'. शेक्सपिअरच्या नाटकांतही हा शब्द आला की तिथे रेशमी गाद्यांचा नव्हे, व्यभिचाराचा विषय चाललेला असतो.

दुसरा शब्द 'इंडल्जन्स'. आज तो चॉकलेटच्या वेष्टनावर दिसतो, मसाज पार्लरच्या पाटीवर दिसतो, विमान कंपनीच्या पत्रकात दिसतो. मूळ लॅटिन अर्थ कनवाळूपणा, सूट देणं. चर्चमध्ये त्याला नेमका पारिभाषिक अर्थ होता. पापाची कबुली दिली की पाप माफ होई, पण त्याची शिक्षा शिल्लक राही. ती मेल्यानंतर शुद्धिलोकात भोगायची. चर्च त्या शिक्षेत जी सूट देई ती इंडल्जन्स. काही पुण्यकर्म केलं तर सूट, हा मूळ विचार. पुढे पुण्यकर्मात दानही आलं, आणि दान आलं तिथे पावती आली. गुटेनबर्गनं युरोपात खिळ्यांची छपाई सुरू केली तेव्हाच्या, तारीख असलेल्या सर्वांत जुन्या छापील कागदांत १४५४ सालची इंडल्जन्सची पत्रकं आहेत. मजकूर छापलेला, आणि नाव व तारीख हातानं भरायला जागा कोरी सोडलेली. आपण बँकेत आणि तहसील कचेरीत जे फॉर्म भरतो, त्यांचे हे खापरपणजोबा. छपाईच्या क्रांतीबद्दल आपण मोठमोठी भाषणं देतो. तिनं आरंभीच जी कामं केली त्यातलं एक म्हणजे शिक्षामाफीच्या पावत्या हजारांनी काढणं.

चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये या पावत्या विकणारा एक माणूस आहे, पार्डनर. हे काव्य चौदाव्या शतकाच्या अखेरीचं. पार्डनर लोभ, मद्यपान आणि लक्झरी यांच्याविरुद्ध घणाघाती प्रवचन करतो, आणि सहप्रवाशांना स्वतःच सांगून टाकतो की माझ्याजवळचे संतांचे अवशेष खोटे आहेत, मला फक्त तुमच्या थैल्या हलक्या करायच्या आहेत. त्याच्या काचेच्या डबीत डुकराची हाडं आहेत. आपले दोन्ही शब्द त्या एका माणसात एकत्र नांदतात: लक्झरीची निंदा करायची आणि इंडल्जन्स विकायची.

हा धंदा पुढे कुठे पोचला ते इतिहासाच्या पुस्तकात असतं, पण त्यातला हिशेब पुस्तकं बहुधा गाळतात. माइंझच्या आर्चबिशप आल्ब्रेख्टनं ते पद मिळवण्यासाठी ऑग्सबुर्गच्या फुग्गर पेढीकडून कर्ज काढलं होतं. रोममध्ये पोप दहावे लिओ सेंट पीटरचं भव्य मंदिर बांधत होते. मग ठरलं असं की आल्ब्रेख्टच्या मुलखात इंडल्जन्स विकायची. निम्मी रक्कम रोमला, निम्मी कर्जफेडीला. टेट्झेल नावाचा प्रवचनकार गावोगाव फिरू लागला, आणि ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरनं या विक्रीविरुद्ध आपले पंच्याण्णव सिद्धांत पुढे केले. खेडुतांनी दिलेले पैसे एका धर्मगुरूच्या पदाच्या हप्त्यांत आणि एका बांधकामात गेले. पैसे देणाऱ्या खेडुताला मूर्ख म्हणणारे खूप निघाले. पण पदासाठी कर्ज काढणाऱ्या आर्चबिशपाला कोणी उधळ्या म्हटल्याचं मला कुठे आढळलं नाही. १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैसे घेऊन इंडल्जन्स देणं बंद केलं. चॉकलेटवाल्यांनी ते पुन्हा सुरू केलं, एवढंच. पूर्वी पाप आधी घडे आणि माफी नंतर विकत घ्यावी लागे. आता दोन्ही एकाच वेष्टनात मिळतं. इंग्लंडमध्ये क्रीमच्या केकसाठी 'खट्याळ पण गोड' अशा आशयाचं एक घोषवाक्य गाजलं होतं. त्याचं श्रेय मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी स्वतःकडे घेतात. कादंबरीकार म्हणून नाव होण्यापूर्वी ते लंडनमध्ये जाहिरातींचा मजकूर लिहीत. 'पापी', 'ऱ्हासशील', 'अपराधी सुख' ही सगळी विशेषणं आज इंग्रजीत आइस्क्रीमला लागतात. सात महापापांचा संसार शेवटी मिठाईच्या दुकानात स्थिरावला.

पापाच्या यादीतून 'लक्झरी' हा शब्द बाजारात कसा आला, ते थोडक्यात सांगते.

आधी राजसत्तेनं चैनीवर कायदे केले. एलिझाबेथ राणीनं १५७४ साली कोणी कोणतं कापड अंगावर घालायचं याचा जाहीरनामा काढला. जांभळं रेशीम, जरीचं वस्त्र, सेबलची फर हे सगळं पायरीपायरीनं राजघराणं आणि वरच्या सरदारांसाठी राखीव. कारण दिलं ते प्रजेच्या काळजीचं: तरुण मंडळी कपड्यांपायी वडिलोपार्जित जमिनी घालवतात. १६०४ मध्ये असे कायदे रद्द झाले. मग बर्नार्ड मँडेव्हिल नावाचा, मूळचा हॉलंडचा, लंडनमध्ये स्थायिक झालेला डॉक्टर १७०५ साली मधमाश्यांच्या पोळ्यावर एक पद्य लिहून गेला. पोळ्यातल्या माश्या चैनखोर, लबाड, हावऱ्या असतात तोवर पोळं भरभराटीत असतं. एके दिवशी सगळ्या सज्जन होतात आणि उद्योगधंदा बसतो. श्रीमंताच्या नखऱ्यावर शंभर कारागिरांची पोटं भरतात, असा त्याचा मुद्दा. पुढे त्यानं त्याचं मोठं पुस्तक केलं, आणि १७२३ मध्ये मिडलसेक्सच्या ग्रँड ज्युरीनं ते लोकांना उपद्रवकारक ठरवलं.

मला या सगळ्यात आवडतो तो तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम. त्यानं १७५२ मध्ये 'लक्झरीविषयी' असा निबंध छापला. लक्झरी या शब्दाचा अर्थच पक्का नाही, तो चांगल्या अर्थानंही घेता येतो आणि वाईटही, असं म्हणून त्यानं सुरुवात केली. आणि १७६० मध्ये निबंध तसाच ठेवून त्याचं शीर्षक बदललं: 'कलांमधल्या परिष्काराविषयी'. दुकान तेच, फक्त पाटी नवी. आपल्याकडे 'दारूचं दुकान'चं 'वाइन शॉप' झालं त्याची ही तत्त्वज्ञानातली आवृत्ती. १७७६ मध्ये अॅडम स्मिथ मात्र जुन्या वळणावर गेला. त्याच्या मते उधळ्या माणूस समाजाचा शत्रू आणि काटकसरी माणूस समाजाचा उपकारकर्ता. पण लगेच त्यानं हेही लिहिलं की प्रजेच्या खर्चावर नजर ठेवणारे राजे आणि मंत्री हेच समाजातले सर्वांत मोठे उधळे असतात. हे दुसरं वाक्य अर्थमंत्र्यांच्या भाषणांत उद्धृत झालेलं मी ऐकलेलं नाही.

आता रोजच्या बोलण्यातले शब्द. इथे तत्त्वज्ञान संपतं आणि पाणी सुरू होतं. 'लॅव्हिश' हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या मुसळधार पावसाच्या शब्दावरून आला. 'प्रोफ्यूज' म्हणजे ओतून दिलेलं. 'स्प्लॅश आउट' म्हणजे पाणी उडवणं. 'स्प्लर्ज' हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला अमेरिकन शब्द; आधी अर्थ होता नुसता डामडौल, पैशाचा अर्थ पुढच्या शतकात चिकटला. त्यातही शिंतोडे आणि लाट एकत्र ऐकू येतात. 'बिंज' तर निखळ पाण्याचाच. नॉर्दॅम्प्टनशरच्या बोलीचा एक कोश १८५४ मध्ये निघाला, त्यात लाकडी भांडं गळू नये म्हणून पाण्यात भिजवून फुगवणं आणि माणसानं दारूत स्वतःला भिजवून घेणं, दोन्हींना हाच शब्द आहे. २०१५ मध्ये कॉलिन्स कोशानं 'बिंज-वॉच' हा वर्षाचा शब्द ठरवला. पिंपाच्या फळ्यांपासून वेबमालिकांपर्यंत एकच भिजणं. आपल्याकडेही पैसा पाण्यासारखाच जातो, तेव्हा यात आपल्याला परकं काही नाही. पैसे उडवण्याच्या 'ब्लो' साठी तर आपला 'फुंकणं' हा शब्द तयारच आहे: बापाची इस्टेट फुंकली.

'उधळणं' या आपल्या क्रियापदापाशी मात्र थांबायला हवं, कारण ज्या कामाला इंग्रजीत दोन शब्द लागतात ते काम ते एकटं करतं. गुलाल उधळतात, तसा पैसाही उधळतात. म्हणजे चहूकडे विखुरणं. 'स्क्वाँडर' चा जुना अर्थ हाच. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉक अँटोनिओच्या जहाजांबद्दल हा शब्द वापरतो, तो ती देशोदेशी विखुरलेली आहेत म्हणून. पण घोडाही उधळतो, बैलही उधळतो. म्हणजे वाट सोडून भलतीकडे सुटतो. 'एक्स्ट्रॅव्हगंट' चा मूळ अर्थ नेमका हाच: हद्दीबाहेर भटकणारा. मध्ययुगात पोपची जी आज्ञापत्रं अधिकृत संग्रहात बसली नव्हती त्यांना 'एक्स्ट्रॅव्हगंतेस' म्हणत. कागदच उधळले होते म्हणायचे! आणि जुन्या इंग्रजीत उधळ्या माणसाला 'स्कॅटरगुड' म्हणत. हे आडनाव आजही इंग्लंडात आहे. एखाद्या स्कॅटरगुड साहेबानं बचत खात्याची योजना समजावून सांगितली तर ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल, कोण जाणे.

हे झालं शब्दांचं. माणसांकडे वळते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

इंग्रजीत बेसुमार खर्च करणाऱ्याला म्हणतात, दारू प्यालेल्या खलाशासारखा पैसे उडवतो. हा खलाशी कोण? अठराव्या शतकातल्या ब्रिटिश आरमारातला. त्याचा पगार १६५० च्या दशकात ठरला, कसबी खलाशाला महिन्याला २४ शिलिंग, आणि तो १७९७ पर्यंत वाढला नाही. वाढला तेव्हाही स्पिटहेडला सबंध ताफ्यानं बंड केलं म्हणून वाढला. हा पगारही दर महिन्याला हातात पडत नसे. जहाजाची मोहीम संपून त्यावरची माणसं मोकळी होईपर्यंत तो थकवून ठेवत. हेतू उघड होता: पैसे अडकलेले असले की माणूस पळून जात नाही. मग दोन-तीन वर्षांनी पोर्ट्समथच्या धक्क्यावर एके दिवशी सगळी थकबाकी एकदम मिळे, आणि धक्क्यावर दारूवाले, कपडेवाले, घड्याळवाले, व्याजानं आगाऊ पैसे दिलेले दलाल टपून बसलेले असत. काही आठवड्यांत हाच माणूस पुन्हा एखाद्या जहाजावर असे. कधी स्वतःहून, कधी जबरदस्तीच्या भरतीनं. त्यानं ते पैसे कुठे ठेवायचे होते?

१७६२ च्या मे महिन्यात ब्रिटिश जहाजांनी स्पेनचं 'एर्मिओने' हे खजिन्याचं जहाज पकडलं. आरमारात लुटीचे वाटे ठरलेले असत. साध्या खलाशाच्या वाट्याला ४८५ पौंड आले, म्हणजे सुमारे तीस वर्षांचा पगार. पोर्ट्समथला या खलाशांनी सोन्याची घड्याळं तव्यावर तळली, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खरी असेल, नसेल. पण ती सांगितली जाते हेच महत्त्वाचं. आता त्याच जहाजाच्या लुटीतून दोन्ही कप्तानांच्या वाट्याला किती आले? प्रत्येकी सुमारे ६५,००० पौंड. त्यातल्या फिलेमन पावनल या कप्तानानं डेव्हनमध्ये डार्ट नदीच्या काठी शार्पम हाउस नावाचा वाडा बांधला. त्यासाठी रॉबर्ट टेलर हा नावाजलेला वास्तुतज्ज्ञ आणला. तो वाडा आज वारसा-वास्तू आहे, लोक तो मुद्दाम पाहायला जातात. लूट एक, समुद्र एक, जहाज एक. खलाशाच्या खर्चाची म्हण झाली आणि कप्तानाच्या खर्चाचं वास्तुशिल्प झालं.

खर्चाचे शब्द रक्कम मोजतात असं आपल्याला वाटतं. ते खर्च करणारा कोण हे पाहतात. वरच्या माणसाचा खर्च 'अभिरुची' असते, 'परिष्कार' असतो, फार तर 'लॅव्हिश' असतो आणि त्यात कौतुकच जास्त. खालच्यानं केला की 'स्क्वाँडर'. आणि जो खालून वर आला त्याच्यासाठी खास शब्द घडवतात. अशा एका शब्दाचं माहेर आपल्याकडचं आहे. ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी करून बंगालचा पैसा घेऊन परतलेल्या साहेबांना इंग्लंडात 'नेबॉब' म्हणू लागले. शब्द आपला नवाब. सॅम्युअल फूटचं 'द नेबॉब' हे प्रहसन १७७२ चं, क्लाइव्हच्या व्यवहारांची संसदेत चौकशी चालू होती त्याच काळातलं. नेबॉबांनी जमिनी घेतल्या, संसदेतल्या जागा विकत घेतल्या, बायकांना हिऱ्यांनी मढवलं. जुन्या जमीनदारांना राग आला तो खर्चाचा नव्हता. तेही हेच करत होते. राग हा की यांचा पैसा आजोबांच्या आजोबांकडून आलेला नव्हता. बंगालचं काय झालं, याचा राग त्याहून पुष्कळ कमी लोकांना आला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेनं या शब्दसंपत्तीत जी भर घातली तिचं पुराण लांबवत नाही. थॉर्स्टाइन व्हेब्लेननं १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाचा सिद्धांत मांडला. 'जोन्स कुटुंबाच्या बरोबरीनं राहणं' हा वाक्प्रचार १९१३ मध्ये सुरू झालेल्या एका व्यंगचित्रमालेनं दिला. गंमत म्हणजे त्या मालेत शेजारचे जोन्स कधी दिसतच नाहीत. 'रिटेल थेरपी' हा प्रयोग १९८६ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्रात आला. खरेदी म्हणजे उपचार, हे तेव्हा थट्टेनं लिहिलं होतं. आता दुकानं ते गंभीरपणे छापतात.

पण एक बदल मोठा आहे, आणि तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जाहिरातींत झाला. १९७१ मध्ये मॅकडॉनल्ड्सनं गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली की आजच्या विश्रांतीवर तुझा हक्क आहे. त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या एका जाहिरात संस्थेतली इलॉन स्पेख्त ही तरुण लेखिका लॉरिआलच्या केसांच्या रंगासाठी मजकूर लिहीत होती. रंग स्पर्धकापेक्षा महाग होता. महाग का घ्यावा याचं उत्तर द्यायचं होतं. तोवरच्या जाहिरातींत बाई नवऱ्याला आवडावी म्हणून केस रंगवायची. स्पेख्तनं बाईच्याच तोंडी उत्तर दिलं: कारण माझी तेवढी योग्यता आहे. त्या काळच्या बाईच्या तोंडी हे येणं ही छोटी गोष्ट नव्हती, आणि तिची टवाळी करायला मी इथे उभी नाही. पण परिणाम असा झाला की खर्चाचं समर्थन पुण्यकर्माऐवजी कष्टांत शोधलं जाऊ लागलं. मी राबले, म्हणून मला हे मिळायला हवं.

यातूनच 'ट्रीट' हा शब्द फिरला. ट्रीट म्हणजे दुसऱ्याला खाऊपिऊ घालणं. आपल्याकडची मुलं अजून याच अर्थानं वापरतात: नोकरी लागली, ट्रीट कधी? आम्ही पेढे मागायचो, ते हॉटेल मागतात, रीत तीच. इंग्लंडच्या निवडणुकांत मात्र हा शब्द बदनाम होता. उमेदवारानं मतदारांना खानावळीत बसवून खाऊपिऊ घालणं म्हणजे 'ट्रीटिंग', आणि ते रोखायला सतराव्या शतकाच्या अखेरीसच संसदेनं कायदा केला. विल्यम होगार्थनं १७५५ मध्ये अशा मेजवानीचं चित्र काढलं, ते लंडनच्या सोन संग्रहालयात आहे. त्यात सुस्तावलेले प्रतिष्ठित नागरिक. तिथला हा गुन्हा १९२० साली आपल्या दंडसंहितेत आला, कलम १७१-ई: लाच देणाऱ्याला कैद होऊ शकते, पण लाच खाण्यापिण्याच्या रूपात दिली असेल तर फक्त दंड. भारतीय न्याय संहितेत कलमाचा आकडा बदलून १७३ झाला, सवलत तशीच राहिली. निवडणुकीच्या आदल्या रात्री शेतातल्या घरावर मटणाची पंगत बसते तेव्हा त्या पंगतीला या कलमाची किती भीती वाटते, हे या सभागृहाला मी सांगायला नको.

तर दुसऱ्याला दिली की जी लाच ठरते, ती आता स्वतःला द्यायची. 'स्वतःला ट्रीट द्या'. २०११ मध्ये एका अमेरिकन विनोदी मालिकेतल्या दोन कारकुनांनी वर्षातून एक दिवस असा पाळायचा ठरवला, आणि त्यांचा तो संवाद जगभरच्या मोबाइलवर फिरला. विनोद होता तो घोषणा झाला. आठवडाभर साहेबाची बोलणी खाल्ली, ट्रीट. घटस्फोट झाला, ट्रीट. स्वतःचं मत स्वतःलाच द्यायचं, आणि त्यासाठी स्वतःलाच जेवू घालायचं.

'सेल्फ-केअर' या शब्दाचं तर वाईटच झालं. कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८८ मध्ये 'अ बर्स्ट ऑफ लाइट' हे पुस्तक लिहिलं तेव्हा कर्करोग त्यांच्या यकृतात पोचला होता. स्वतःची काळजी घेणं म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत, असं त्यांनी तिथे मुद्दाम स्पष्ट केलं. लाडांसाठी त्यांनी आपला जुना 'इंडल्जन्स' हाच शब्द घेतला आणि तो दूर सारला. त्यांच्या लेखी ते तगून राहणं होतं, आणि त्यांना नकोसं मानणाऱ्या समाजात तगून राहणं हीच लढाई होती. आज तो शब्द सुगंधी मेणबत्तीच्या खोक्यावर आहे. लॉर्ड यांनी ज्या दोन गोष्टींत भिंत घातली, त्या बाजारानं एकाच फळीवर मांडल्या.

आणि स्वतःवर खर्च करण्याचा हा हक्क तरी सगळ्यांना मिळाला का? २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टिम गर्नर या बांधकाम व्यावसायिकानं दूरचित्रवाणीवर सांगितलं की मी पहिलं घर घेत होतो तेव्हा १९ डॉलरचा अॅव्होकाडो आणि चार-चार डॉलरच्या कॉफ्या घेत नव्हतो. तरुणांना घर का परवडत नाही, याचं हे उत्तर. पाव-अॅव्होकाडो उधळपट्टीचं चिन्ह झाला. मेलबर्न-सिडनीच्या घरांच्या किमतींपुढे रोज तो पाव सोडला तरी किती वर्षं लागतील हा गुणाकार तरुणांनी लगेच करून दाखवला. जाहिरात सांगते तुझी योग्यता आहे. बिल्डर सांगतो तुझी लायकी नाही. ऐकणारा एकच.

हा सगळा परदेशाचा पसारा झाला. पण एक कागद आपल्या पुणे जिल्ह्यातला आहे, आणि तो याच इंग्रजीत लिहिलेला आहे. १८७५ साल. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते हेच वर्ष. आपण आज जी रीत पाळतो आहोत तिचा उगम तिथला. त्याच वर्षी १२ मे रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते काढून त्यांनी जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. सरकारनं चौकशी आयोग नेमला.

त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांत एक उत्तर आधीच तयार होतं: रयत कर्जात बुडते कारण ती लग्नात आणि सणावारात पैसा उधळते. 'एक्स्ट्रॅव्हगन्स'. या शब्दाची सोय मोठी. सारा किती वाढला, अमेरिकेतल्या यादवी युद्धात चढलेला कापसाचा भाव नंतर कसा कोसळला, दिवाणी कोर्टात निरक्षर माणसाच्या अंगठ्याचं काय होतं, हे काही विचारावं लागत नाही. आयोगानं मात्र गावोगावचे हिशेब पाहिले आणि अहवालात लिहिलं की लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. कुणब्याच्या ऐपतीशी ताडून पाहिलं तर त्या दिवसाचा खर्च एक्स्ट्रॅव्हगंट म्हणता येईल. पण असे प्रसंग क्वचित येतात, आणि वर्षांच्या हिशेबात पाहिलं तर त्याच्या जागच्या माणसानं आनंदावर जेवढा खर्च करणं रास्त, त्याहून तो जास्त भरत नाही.

वसाहतीच्या सरकारी कागदात गरिबाच्या आनंदाला 'रास्त' म्हटलेलं मला दुसरीकडे सापडलेलं नाही. आनंदालाही काही खर्च येतो आणि तो कुणब्याच्या नावावर मांडता येतो, हे त्या साहेबांनी लिहून ठेवलं. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्याच्या दैन्याचा जाब कचेरीला आणि कुलकर्ण्याला विचारला. आणि १९२५ मध्ये, आयोगाच्या अहवालानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, माल्कम डार्लिंग या सनदी अधिकाऱ्याचं पंजाबच्या शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावरचं पुस्तक निघालं. अभ्यासू पुस्तक, आजही वाचावं असं. त्यात कर्जाच्या कारणांत लग्नांवरची उधळपट्टी पुन्हा हजर आहे.